रिपोर्ट चांगला आला, पण कशामुळे?

प्रिय ताई,

मी एक्केचाळीस वर्षांची आहे. सहा वर्षांपूर्वी एचआयव्ही असल्याचं कळलं, तेव्हापासून औषधावर आहे. आता टेनोफोव्हिर, लॅमिव्ह्युडिन आणि डोल्युटेग्रॅव्हिर अशी तिन्ही औषधं असलेली एकच गोळी रोज घेते. पाच वर्षं व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं विषाणूचं प्रमाण, सापडत नाही. घरात फक्त नवऱ्याला माहीत आहे, तो निगेटिव्ह आहे. उपचार केंद्रात ओळख झालेल्या एका मैत्रिणीनं मला एक नैसर्गिक कॅप्सूल सुचवली. विकणारे म्हणतात, तीन महिने रिकाम्या पोटी गोळीसोबत घ्या, मग गोळी सोडा, विषाणू मुळासकट जातो. ती दीड वर्षापासून औषधावर होती. कॅप्सूलचे तीन महिने झाल्यावर तिच्या रिपोर्टमध्ये विषाणू आढळला नाही, आणि पूर्वी ३१० असलेलं सीडी-फोर, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पेशींचं मोजमाप, ५८० झालं. आता महिना झाला, तिनं गोळी सोडली आहे आणि ती ठणठणीत आहे. मीही तीन आठवड्यांपासून रोज सकाळी रिकाम्या पोटी गोळीबरोबरच ती कॅप्सूल घेते. डबीवर कॅल्शियम, लोह, जस्त आणि ‘वनस्पतींचे अर्क’ एवढंच लिहिलं आहे. डॉक्टरांना सांगितलेलं नाही, ओरडतील म्हणून. खरं सांगू? मला त्या गोळीचा कंटाळा आला आहे. आणि नैसर्गिक आहे म्हटल्यावर निदान अपाय तरी होणार नाही ना?

— एक वाचक

प्रिय मैत्रीण,

तुमचं पत्र वाचलं आणि इतर पत्रं बाजूला ठेवून आधी तुम्हाला लिहायला बसले. कारणमीमांसा नंतर करू, आधी आजचं सांगते. तुमची रोजची गोळी एक दिवसही चुकवू नका. कॅप्सूल आजपासून थांबवा. डबी मात्र फेकू नका, ती आपल्याला लागणार आहे. आणि घाबरू नका. तीन आठवड्यांत सगळं बिघडलं असेल असं समजायचं कारण नाही. पण ही तपासून घेण्याची गोष्ट आहे, मनाशी दडवून ठेवण्याची नाही.

आता तुमच्या मैत्रिणीच्या रिपोर्टकडे येऊ, कारण तुमचा सगळा विश्वास त्या कागदावर उभा आहे. तो रिपोर्ट खरा आहे, यात मला शंका नाही. पण तो काढला केव्हा? कॅप्सूलच्या तिसऱ्या महिन्याअखेर, म्हणजे गोळी चालू असताना. दीड वर्ष नियमित औषध घेणाऱ्या माणसाच्या रक्तात विषाणू न सापडणं हेच त्या औषधाचं काम. सीडी-फोर ३१० वरून ५८० वर जाणं हेही तेच काम. विषाणूचा मारा थांबला की शरीर आपल्या पेशी हळूहळू भरून काढतं. शिवाय हा आकडा सर्दी-तापानं, दिवसाच्या वेळेनंही खाली-वर होतो. म्हणजे गोळीनं दीड वर्ष राबून जे मिळवलं, त्यावर कॅप्सूलनं आपलं नाव लिहिलं. ‘आधी तीन महिने गोळीसोबतच घ्या’ ही अट विकणाऱ्यांनी का घातली, याचा विचार करा. गोळीशिवाय तो सुंदर रिपोर्ट आलाच नसता.

‘आढळला नाही’ आणि ‘उरला नाही’ यांत मोठं अंतर आहे, आणि या सगळ्या व्यापाराचं दुकान त्या अंतरातच मांडलेलं असतं. एचआयव्ही आपल्या सीडी-फोर पेशींत शिरतो आणि स्वतःचा जनुकीय मजकूर थेट त्या पेशीच्या जनुकांत चिकटवून टाकतो. अशा काही पेशी वर्षानुवर्षं झोपल्यासारख्या पडून राहतात. त्या विषाणू तयार करत नाहीत, म्हणून औषधाला त्या दिसत नाहीत आणि रक्ताच्या तपासणीतही येत नाहीत. हा दडलेला साठा १९९७ मध्ये शास्त्रज्ञांनी दाखवून दिला. पुढे त्यांनी तो किती वेगानं घटतो हेही मोजलं. निम्मा व्हायलाच सरासरी ४४ महिने लागतात. या गतीनं तो पूर्ण संपायला सत्तरहून जास्त वर्षं लागतील. तीन महिन्यांत तो ‘मुळासकट’ काढणारी कॅप्सूल असती, तर ती जगातल्या प्रत्येक एचआयव्ही केंद्रात असती. एका ओळखीतून दुसऱ्या ओळखीत अशी गुपचूप फिरत राहिली नसती.

अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यात २०१० मध्ये जन्मलेल्या एका बाळाची गोष्ट सांगते. जन्मानंतर सुमारे तीस तासांतच औषधं सुरू झाली. सुमारे दीड वर्षानं ती थांबली. नंतर तपासणी केली तर रक्तात विषाणू आढळला नाही. मूल बरं झालं म्हणून जगभर आनंद झाला, आणि तो खोटा नव्हता, त्या डॉक्टरांनी जे दिसलं ते सांगितलं होतं. औषधाविना २७ महिने गेले आणि जुलै २०१४ मध्ये कळलं की विषाणू परतला आहे. सर्वोत्तम प्रयोगशाळांच्या नजरेखाली असलेल्या मुलात हे झालं. तुमच्या मैत्रिणीकडे एक कागद आहे, तोही गोळी सोडण्याआधीचा.

एचआयव्हीतून खरोखर मुक्त झालेली माणसं आहेत, हेही सांगायला हवं. टिमथी रे ब्राऊन हे त्यांतले पहिले. त्यांना रक्ताचा कर्करोग झाला होता. त्यासाठी बर्लिनमध्ये २००७ आणि २००८ मध्ये त्यांच्यात रक्त तयार करणाऱ्या मूळ पेशींचं प्रत्यारोपण झालं. दाता असा निवडला होता की त्याच्या पेशींवर एचआयव्हीला आत शिरायला लागणारं एक दार जन्मतःच नव्हतं. त्यांच्यानंतर असे मोजकेच रुग्ण झाले. हा उपचार स्वतः जिवावर बेतू शकतो, म्हणून कर्करोग नसलेल्या कुणावर तो करत नाहीत. बरं होण्याचा आजवरचा सिद्ध मार्ग इतका कठीण आहे, हे लक्षात ठेवलं की डबीवरच्या आश्वासनाचं वजन आपोआप कळतं.

‘मग थोडे दिवस गोळी थांबवून बघायला काय हरकत आहे?’ असंही मनात येत असेल. ते बघून झालं आहे. स्मार्ट नावाच्या मोठ्या अभ्यासात ३३ देशांतले ५,४७२ जण होते. निम्म्यांनी औषध सलग घेतलं. उरलेल्यांचं सीडी-फोर ३५० च्या वर असलं की औषध थांबवायचं आणि २५० च्या खाली गेलं की पुन्हा सुरू करायचं, असं ठरलं होतं. हेतू चांगला होता, माणसांना गोळ्यांपासून जरा सुटका मिळावी. पण थांबत-थांबत घेणाऱ्यांत एचआयव्हीमुळे होणारे गंभीर आजार आणि मृत्यू यांचा धोका अडीच पटीहून जास्त निघाला. हृदय, यकृत आणि मूत्रपिंडाचे त्रासही त्यांच्यातच अधिक दिसले. जानेवारी २००६ मध्ये नवे लोक घेणं बंद करावं लागलं. ती माणसं डॉक्टरांच्या देखरेखीखाली होती. एकटीनं, कुणाला न सांगता गोळी सोडणारी बाई त्यांच्याहून जास्त असुरक्षित असते.

तुमच्या गोळीतली टेनोफोव्हिर आणि लॅमिव्ह्युडिन ही दोन औषधं हेपटायटिस बी या काविळीच्या विषाणूलाही रोखून धरतात. कुणाच्या शरीरात तो असेल, तर गोळी अचानक सोडल्यावर यकृताला जबरदस्त सूज येऊ शकते, आणि ती जीवघेणीही ठरते. तुमची आणि मैत्रिणीची ही तपासणी झाली आहे का, ते केंद्रात विचारा. विकणाऱ्यानं हा प्रश्न तिला विचारला होता का? मला नाही वाटत.

तुमचा नवरा निगेटिव्ह आहे. औषधानं विषाणू दाबलेला असला की जोडीदाराला लागण होत नाही, हे आता ठाम माहीत आहे. पार्टनर या अभ्यासात अशी शेकडो जोडपी होती, कंडोमशिवायचे हजारो संबंध नोंदले गेले. विषाणू दाबलेल्या जोडीदाराकडून लागण झाल्याची एकही घटना सापडली नाही. पहिल्या भागाचे निष्कर्ष २०१६ मध्ये आले, दुसऱ्याचे २०१९ मध्ये. म्हणजे तुमची रोजची गोळी तुमच्या नवऱ्याचंही रक्षण करते आहे. ती सोडली की ते संरक्षणही जातं, आणि बाहेरून काहीच कळत नाही.

‘नैसर्गिक आहे, अपाय तर होणार नाही ना?’ पत्रातली ही ओळ मी दोनदा वाचली. तुमच्या बाबतीत अपायाची शक्यता अगदी नेमकी आहे, आणि ती कुठल्या गूढ अर्कात नसून कॅल्शियम आणि लोहासारख्या साध्या गोष्टींत आहे. डोल्युटेग्रॅव्हिर काम कसं करतं? विषाणूला आपला मजकूर जनुकांत चिकटवण्यासाठी एक विकर (एन्झाइम) लागतं. त्या विकराच्या गाभ्यात मॅग्नेशियमचे दोन कण असतात. औषध नेमकं त्या धातूला धरून बसतं आणि विकर बंद पाडतं. धातूला धरण्याचा हा गुणच पोटात आड येतो. गोळीबरोबर कॅल्शियम, लोह, जस्त किंवा मॅग्नेशियम आलं की औषध त्यांनाच पकडतं, आणि रक्तात पोचायच्या आधीच त्याचा काही भाग वाया जातो. हे निरोगी माणसांत मोजलेलं आहे. रिकाम्या पोटी कॅल्शियमबरोबर घेतल्यावर रक्तात पोचणारं डोल्युटेग्रॅव्हिर ३९ टक्क्यांनी कमी झालं, लोहाबरोबर ५४ टक्क्यांनी. तुम्ही तीन आठवडे नेमकं हेच करत होता.

याचा अर्थ तुम्हाला कॅल्शियम किंवा लोह कधीच चालणार नाही असा नाही. डोल्युटेग्रॅव्हिर हे पूरक घेण्याच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर घ्यायचं. कॅल्शियम आणि लोह जेवणाबरोबर असतील तर गोळीसोबतही चालतात. आम्लपित्तावरच्या मॅग्नेशियम-ॲल्युमिनियमवाल्या औषधांना मात्र ही सवलत नाही, तिथे तासांचं अंतर पाळावंच लागतं. एवढा साधा नियम त्या डबीवर नव्हता. उलट ‘रिकाम्या पोटी’ असं सांगितलं गेलं, याचा मला मनापासून राग येतो.

राहिले ‘वनस्पतींचे अर्क’. कोणत्या वनस्पती, हे लिहिलेलंच नाही. सेंट जॉन्स वॉर्ट नावाची पिवळ्या फुलांची एक वनस्पती उदास मनासाठी म्हणून घेतली जाते. ती यकृतातली औषध मोडणारी यंत्रणा वेगवान करते. २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तिच्यामुळे एचआयव्हीवरच्या इंडिनाव्हिर या औषधाचं रक्तातलं प्रमाण ५७ टक्क्यांनी घसरलं होतं. इंडिनाव्हिर आता मागे पडलं, पण ही वनस्पती तुमच्या डोल्युटेग्रॅव्हिरलाही कमी करते. दुसऱ्या एका अभ्यासात लसणाच्या कॅप्सूल तीन आठवडे दिल्यावर सॅक्विनाव्हिर या औषधाचं प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आलं, आणि कॅप्सूल थांबवून दहा दिवस झाल्यावरही ते पूर्ववत झालं नव्हतं. स्वयंपाकातल्या पाकळीविषयी मी बोलत नाही, तिला घाबरू नका. घट्ट करून, दाबून कॅप्सूलमध्ये भरलेला अर्क हे औषधच असतं. ज्याच्यात शरीरावर परिणाम करण्याची ताकद आहे, त्याच्यात दुसऱ्या औषधाच्या कामात ढवळाढवळ करण्याचीही ताकद असते. ‘गुण येईल, पण अपाय होणारच नाही’ असा पदार्थ मला आजवर दिसलेला नाही.

औषध अर्धवट पोचणं इतकं का वाईट? हा विषाणू स्वतःची नक्कल करताना सारख्या चुका करतो, आणि उपचार नसलेल्या माणसाच्या शरीरात दिवसाला अब्जावधी नवे कण तयार होतात. औषध पुरेसं असलं की नक्कल थांबते, चुका होतच नाहीत. औषध थोडंच असलं की विषाणू वाढतो आणि त्यातल्या त्यात औषधाला दाद न देणारे कण निवडून पुढे येतात. मग ते औषध कायमचं हातचं जाऊ शकतं. डोल्युटेग्रॅव्हिर या बाबतीत बरंच चिवट आहे, म्हणूनच मी सुरुवातीला घाबरू नका म्हटलं. पण व्हायरल लोड तपासून घ्या, पुढच्या ठरलेल्या तारखेची वाट न बघता.

जीवनसत्त्वांवर माझा राग आहे असं समजू नका. टांझानियात १,०७८ एचआयव्हीबाधित गर्भवती स्त्रियांवर अभ्यास झाला, त्याचे निष्कर्ष २००४ मध्ये आले. तेव्हा त्यांना विषाणूवरची औषधं उपलब्ध नव्हती. ब, क आणि ई जीवनसत्त्वांनी त्यांच्यात आजार वाढण्याचा वेग खरोखर कमी झाला. अनेक विक्रेते हाच अभ्यास पुढे करतात. पण गोष्ट तिथे संपत नाही. त्याच देशात पुढे औषधोपचार सुरू करणाऱ्या ३,४१८ रुग्णांमध्ये, जीवनसत्त्वांचे मोठे डोस साध्या डोसपेक्षा जास्त उपयोगी आहेत का, हे पाहिलं. उपयोग दिसला नाही. उलट मोठ्या डोसवाल्यांत यकृतावर ताण आल्याची खूण जास्त दिसू लागली, आणि २००९ मध्ये अभ्यास मुदतीआधी थांबवला. उपासमारीच्या आणि औषध नसल्याच्या काळात जीवनसत्त्वं आधार देतात. औषध मिळाल्यावर त्यांचं काम उणीव भरून काढण्यापुरतं उरतं. तुम्हाला खरंच उणीव असेल, लोहाची, ड जीवनसत्त्वाची, तर ती मोजून भरून काढा.

आणि जिथे औषधाच्या जागी हे पदार्थ बसवले गेले, तिथे काय झालं हे दक्षिण आफ्रिकेनं भोगलं. २००० नंतरच्या काही वर्षांत तिथल्या सरकारनं विषाणूवरची औषधं देण्यात दिरंगाई केली. आरोग्यमंत्री मान्टो त्शाबालाला-म्सिमांग लसूण, बीट आणि लिंबाचे गुण सांगत राहिल्या. जीवनसत्त्वांच्या गोळ्या विकणारे जर्मन डॉक्टर मथियास राथ यांच्या संस्थेनं वस्त्यांमधून जीवनसत्त्वांच्या गोळ्या वाटल्या, औषधं विषारी आहेत असा प्रचार केला. २००८ मध्ये केपटाऊनच्या न्यायालयानं ते प्रयोग आणि ती जाहिरात बेकायदा ठरवली. त्याच वर्षी हार्वर्डच्या संशोधकांनी अंदाज मांडला की २००० ते २००५ या काळात औषधं वेळेवर न दिल्यानं ३ लाख ३० हजारांहून जास्त जीव गेले. त्यांतल्या कितीतरी जणांनी तुमच्यासारखंच म्हटलं असेल, निदान अपाय तरी नाही.

निसर्गाकडे शास्त्रानं पाठ फिरवली आहे, असंही विकणारे म्हणतात. तसं नाही. १९८७ मध्ये मलेशियातल्या सारवाकच्या जंगलातून आणलेल्या एका झाडाच्या नमुन्यातून कॅलॅनोलाइड-ए हा एचआयव्हीला रोखणारा पदार्थ सापडला. संशोधक पुन्हा त्या जागी गेले तेव्हा ते झाड तोडलं गेलं होतं. मग जवळच्या जातीच्या झाडांत शोध सुरू राहिला, पदार्थ प्रयोगशाळेत बनवायला शिकले, माणसांवर चाचण्या झाल्या. अजून त्याचं मान्यताप्राप्त औषध झालेलं नाही. वनस्पतीतून औषध काढायचा रस्ता इतका लांब असतो.

आता कंटाळ्याविषयी. तुम्ही तो शब्द दबकत लिहिला आहे, पण मला तोच सगळ्यात खरा वाटला. रोज एका ठरलेल्या वेळी, घरच्यांच्या नजरेआड, एक गोळी आपल्याला आठवण करून देते की आपण कोण आहोत. तिचा कंटाळा येणं हा अपराध नाही. हा कंटाळा केंद्रातल्या समुपदेशकाला याच शब्दांत सांगा. वेळ बदलता येते. गोळी साध्या डबीत हलवून ठेवता येईल का, हे विचारता येतं. थकवा किंवा उदासी असेल तर हिमोग्लोबिन, थायरॉइड, झोप, मन, यांकडे बघता येतं. आणि रोजच्या गोळीला खरा पर्याय तयार झाला आहे. कॅबोटेग्रॅव्हिर आणि रिल्पिव्हिरिन यांची दर दोन महिन्यांनी घ्यायची इंजेक्शनं, ज्यांचा विषाणू पूर्ण दाबलेला आहे आणि ज्यांना हेपटायटिस बी नाही अशांसाठी पर्याय म्हणून जागतिक आरोग्य संघटनेनं २०२५ मध्ये सुचवली आहेत. सगळीकडे ती पोचलेली नाहीत. पण विचारून तर ठेवा.

डॉक्टर ओरडतील ही भीती मी फार ऐकते. लेबल फाडून डबी दाखवणारी, नाव विचारलं की ‘विसरले’ म्हणणारी माणसं मी पाहिली आहेत. तुम्ही डबी जशी आहे तशी घेऊन जा. म्हणा, ‘तीन आठवडे हे गोळीसोबत रिकाम्या पोटी घेतलं, आता थांबवलंय, माझा व्हायरल लोड बघाल का?’ एवढ्या एका वाक्यात त्यांना हवी ती सगळी माहिती आहे. आणि कुणी ओरडलंच, तर ते ऐकून घेऊनही तपासणी करवून घ्या.

शेवटी तुमची मैत्रीण. खरं तर मला तिचीच जास्त काळजी आहे. गोळी सोडल्यावर बहुतेकांत विषाणू दोन ते चार आठवड्यांत रक्तात परत येतो, आणि तेव्हा बहुधा काहीच जाणवत नाही. तिचा ठणठणीतपणा म्हणजे विषाणू गेल्याची खूण नव्हे. तिला आज फोन करा. तिनं चुकीचं केलं असं म्हणू नका. तिनं तुमच्या भल्यासाठीच ती कॅप्सूल सुचवली होती. सांगा, ‘मी उद्या केंद्रात जातेय, माझीही डबी घेऊन. चल ना माझ्याबरोबर.’ तिनं नाही म्हटलं, तर परवा पुन्हा विचारा.

तुमची,
ताई